रिकाम्या गाडीची ट्रायल

मी गाडीखाली आडवा होतो, नुसते पाय बाहेर. तेवढ्यात वरून आवाज आला, "मेस्त्री, मागं बसून बघितलासा काय?"

"आधी खालचं बघू दे की. सीट काय पळून जात न्हाय."

विचारणारा दस्तगीर. कळंब्यात त्याचं शाळेचे युनिफॉर्म शिवायचं दुकान आहे. वर्कशॉपमधून रिटायर झाल्यापासून मी लोकांना सेकंडहँड गाड्या तपासून देतो. दोन तास गाडी चाचपायची, मग एका कागदावर डावीकडं गुण आणि उजवीकडं दोष लिहून द्यायचे. स्थळ बघायला जातात तसंच, फक्त मध्यस्थ खोटं बोलत नाही. निदान अशी माझी घमेंड होती.

ही गाडी म्हणजे लांबलचक सेडान. नवी असताना साहेब लोकांच्या दारात दिसायची, जुनी झाल्यावर साध्या माणसाच्या आवाक्यात आलेली. दस्तगीरला ती अम्मासाठी, म्हणजे त्याच्या आईसाठी हवी होती. अम्माचं हृदय थकलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, मनासारखं करा. अम्माच्या मनात एकच होतं. शाहूवाडीकडच्या डोंगरात त्यांचं घर आहे, त्या घराच्या सोप्यात डोळे मिटायचे. उंच गाडीत तिला चढवता येत नव्हतं. दोनदा प्रयत्न करून झाले होते, दोन्ही वेळा ती दारातच धापा टाकत बसली.

कागद अजून माझ्याकडे आहे. गुण: मागची सीट ऐसपैस, म्हातारं माणूस पाय लांब करून बसेल. डिकी मोठी. इंजिन ठणठणीत. सस्पेन्शन मऊ, म्हणजे खड्ड्याचा दणका स्प्रिंगच गिळतात, माणसापर्यंत येत नाही. दोष: पेट्रोल जास्त पिते, वळायला जागा जास्त लागते, मागची डावी काच सावकाश चढते. अगदी शेवटी, 'ग्राउंड क्लिअरन्स कमी'. गाडीचं पोट आणि रस्ता यांच्यात अंतर थोडं, एवढाच त्याचा अर्थ. तेवढंही मी त्याला समजावून सांगितलं नाही.

ट्रायल आम्ही दोघांनीच घेतली, तलावाकडच्या गुळगुळीत रस्त्यावर. गाडी लोण्यासारखी चालली. दस्तगीर खूश.

"मेस्त्री, गावाकडं जाईल न्हवं? शेवटचा रस्ता लई वंगाळ हाय."

"जाईल की. सावकाश ने."

मऊ स्प्रिंगची गाडी माणसांनी भरली की खाली बसते, हे मला काय माहीत नव्हतं? जन्म गेला त्यात. पण रिकाम्या गाडीत बसून मला भरलेली गाडी दिसली नाही. उलट मी त्याला वर शहाणपण शिकवलं. "ऑइलचा तांबडा दिवा लागला की गाडी जागेवर बंद करायची. पुढं नेलीस की इंजिन जाम झालंच म्हणून समज."

"व्हय," म्हणाला.

चार दिवसांनी दुपारी त्याचा फोन आला.

"मेस्त्री, खालनं दणका बसला आणि तांबडा दिवा लागलाय. गाडी बंद केलीया. दोन किलोमीटर ऱ्हायलंय. चालवू काय?"

"अजिबात न्हाय! इंजिन जाईल. हलवू नगंस."

"तेवढंच हाय वो, मेस्त्री…"

"एकदा सांगितलं न्हवं?"

मी फोन ठेवला आणि जेवायला बसलो.

गाडीत कोण आहे, हे मी विचारलं नाही. पुढं दस्तगीर आणि त्याची बायको, मागं दोन बहिणी आणि त्यांच्या मधे अम्मा. डिकीत अम्माची लोखंडी पेटी, गॅसची टाकी आणि पंधरा दिवसांचं सामान. गावकऱ्यांनीच दगड-मुरूम टाकून केलेला स्पीडब्रेकर उतरताना गाडीचं नाक दबलं आणि दगड सम्पला लागला. सम्प म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं. ते तडकलं.

अम्माला मोटरसायकलवर बसवता येण्यासारखं नव्हतं. गावातून पिकअप यायला पाऊण तास गेला. तोवर अम्मा त्या ऐसपैस सीटवरच गेली, पाय लांब करून.

काही दिवसांनी दस्तगीर गाडी टो करून माझ्याकडं घेऊन आला. मी सम्प बदलला, इंजिन उघडून बघितलं. आत एक ओरखडा नव्हता. दोन किलोमीटर चालवलं असतं तर इंजिन बहुतेक गेलं असतं. पण अम्मा तिच्या घरी पोचली असती.

तो बाजूला स्टुलावर बसला होता. म्हणाला, "अम्मानं दोनदा इचारलं, घर आलं काय म्हणून. मी म्हटलं, आलं की." मग म्हणाला, "तुमचं ऐकलं म्हणून इंजिन तरी वाचलं, मेस्त्री."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोसायला सोपं गेलं असतं. हात धुवायच्या निमित्तानं मी मागच्या नळावर गेलो आणि तिथं रडलो.

आता मी घरातली सगळी माणसं गाडीत कोंबल्याशिवाय ट्रायल घेत नाही. लोक हसतात, म्हणतात मेस्त्री वरात काढतोय. हसू देत. आणि तांबड्या दिव्याचा फोन आला तर आधी विचारतो, गाडीत कोण आहे, कुठं पोचायचंय? इंजिन काय, दुसरं मिळतं.