अक्काच्या वावराची तपासणी

आमचा सात बायांचा गट आहे. विषारी औषध न मारता पिकवायचं आणि एकमेकींची वावरं आपणच तपासायची, असा नेम. एकीनं चोरून फवारलं आणि बाकीच्यांनी झाकलं, तर सातही जणींचा बिनविषारी मालाचा दाखला जातो. दाखला नसला की जळगावचे शेठ आमची वांगी घेत नाहीत. मी चौथी शिकलेली, म्हणून तपासणीचा कागद माझ्याकडे.

गेल्या हिवाळ्यात भरताची वांगी तोडायला आली तेव्हा आम्ही अक्काच्या वावरात गेलो. अक्का आमच्यात सगळ्यात मोठी. मी ही शेती सुरू केली तेव्हा बी तिनं दिलं. गोमूत्राचं, निंबोळीचं पाणी कसं करायचं तेही तिनंच शिकवलं, शिव्या देत.

पानं चकचकीत होती. फळाला एक भोक नाही. सरीत दोन मधमाश्या मरून पडलेल्या. वासही निंबोळीचा नव्हता.

"अक्का, तुना वांगासले अळीबी घाबरस का?" एकीनं विचारलं.

कागदावर फवारणीचा रकाना असतो. तिथं पेन टेकवून मी थांबले. खोटं लिहावं असं मनात आलं होतं, कबूल करते.

अक्का बांधावर बसली. "मीच मारं औषध. आते हात चालत नहीत. निंबोळ्या कुटाले मुसळ उचलत नही."

"मग सांगं का नही?" मी विचारलं.

"कोनले सांगू? तुमले शिकाडनारी मी." मग कागदाकडे बोट दाखवून म्हणाली, "लिख बाई. जे शे ते लिख. नहीतर मन्हामुळे बठ्ठ्या जनीसना दाखला जाई."

मी लिहिलं. अक्काचं नाव कापलं गेलं. तिची वांगी मंडईत साध्या ढिगात जाऊ लागली. पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मला वाईट वाटलं, पण लिहिल्याचं नाही. आम्ही तिच्या झाडाचं पान न् पान तपासत होतो, तिचे हात मात्र कोणी पाहिले नव्हते.

मग एक दिवस माझ्या निंबोळ्या घेऊन मी तिच्या अंगणात गेले आणि न विचारता कुटायला बसले. ती दारातून बघत राहिली.

"हाई कुटनं शे का? म्हैसबी इनापेक्षा बारीक चावस."

एवढं बोलून ती शेजारी येऊन बसली आणि काडीकचरा निवडू लागली.

आता सगळ्यांच्याच निंबोळ्या तिथं कुटतो. तिचं नाव दाखल्यावर परत यायला अजून वेळ आहे. तोवर तिच्या वावरात निंबोळीचं पाणी फवारायची पाळी कोणाची, ते तीच ठरवते. काम मात्र तिला एकीचंही पसंत पडत नाही.