लाल ठिपक्यापलीकडची शीळ

सिन्फोरियानोच्या सिंथेसायझरला गोल बटणांचे दोन कान होते. पहिला डावीकडे पिळला की सूर गोधडीत शिरल्यासारखा घुसमटायचा, उजवीकडे पिळला की तोंड उघडून खणखणीत बोलायचा. दुसरा कान त्याच सुराला धार लावायचा. आणि शेवटपर्यंत पिळला, तर पट्टीला बोट न लावता पेटी आपली आपण शीळ घालायची. तिथवर सिन्फोरियानो कधी गेलाच नाही. अर्ध्यावर त्याने लाल ठिपका रंगवून ठेवला होता.

कारण आमच्या ग्वायरा प्रांतात दिवस मावळल्यावर कुणी शीळ घालत नाही. रानातला तो बुटका, केसाळ गृहस्थ शिळेला शीळ देतो आणि मग दारापर्यंत येतो. त्याचं नाव घेत नसतात. आपण धनी म्हणू. आईने सिन्फोरियानोला घासागणिक धन्याची भीती घालून वाढवलेलं. चाळिशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, धनी काही गेला नाही.

पण बँडचे मालक दॉन एर्मोहेनेस पेटले होते. "शेजारच्या गावची पेटी कशी किंचाळते! तुझी म्हणजे सर्दी झालेली गाय! सान हुआनच्या जत्रेत शीळ वाजली नाही, तर तुझी खुर्ची दुसऱ्याला."

"पण दॉन, जत्रा संध्याकाळी असते हो!"

"मग काय, लोकांना पहाटे नाचवू?"

बायको देओलिंदा म्हणाली, "अहो, आधी धन्याला त्याचं द्या. एक चिरूट, पेलाभर उसाची दारू. आणि बाटली नको हं, बूच उघडताना चिडला म्हणजे?"

जत्रेत पेटीमागे जमिनीवर पेला ठेवून सिन्फोरियानोने दुसरा कान ठिपक्यापलीकडे नेला. बारीक, ओली शीळ निघाली. त्याने हळूच मागे पाहिलं. पेला रिकामा, चिरूट गायब. म्हणजे आलाय! पहिल्या कानावरचा हात लटलटू लागला, आणि त्याबरोबर शीळ हुंदके दिल्यासारखी वरखाली होऊ लागली. लोक नाचून वेडे झाले.

"लबाडा, ही थरथर कुठे लपवली होतीस?" दॉननी त्याच्या टकलाचा मुकाच घेतला.

खुर्ची वाचली. तेव्हापासून दर जत्रेला पेला भरायचा, दर जत्रेला रिकामा व्हायचा, आणि सिन्फोरियानो दर जत्रेला नव्याने मरायचा. दारू कुठे जाते हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. गिटारवाला तानी त्याच्या मागेच बसायचा आणि दुसऱ्या गाण्याला त्याचं नाक लाल व्हायचं. दॉनचाच हुकूम होता तसा. हात स्थिर राहिला की शीळ चहाच्या किटलीसारखी वाजते म्हणे. सिन्फोरियानोला सांगणार कोण? सांगितलं तर नाचायचं कशावर?

मागच्या जत्रेला तानी तापाने घरी अंथरुणात पडलेला. भरलेला पेला बघून दॉनना घाम फुटला: आज किटली! पण सिन्फोरियानोने कान पिळला, शीळ निघाली आणि बघता बघता हुंदके देऊ लागली. दॉननी सुटकेचा निःश्वास टाकला, सहज पेटीमागे वाकून पाहिलं.

पेला पालथा पडला होता. माती कोरडी होती.

दॉन सिन्फोरियानोच्या कानाशी आले. "बाळा," आयुष्यात पहिल्यांदा ते त्याला बाळा म्हणाले, "पुरे झालं. कान मागे घे."

सिन्फोरियानोचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि शीळ हुंदके देतच होती.

"घेतलाय, दॉन," तो पुटपुटला. "केव्हाच घेतलाय."