पडद्यावर मीठ

इंटरव्हलचे दिवे लागले आणि खालून पहिली हाक आली.

"वसंता! ए वसंता! तोंड दाखव जरा!"

मी केबिनच्या भोकाला डोळा लावला. केबिन म्हणजे थिएटरच्या मागच्या भिंतीत, उंचावर असलेली खोली. तिथे दोन मशिनं असतात आणि त्यांच्या मधोमध ऑपरेटर घामाने भिजत असतो. तो मी. खाली थर्ड क्लासच्या बाकावर हौसाबाई कोळीण पडद्याला पाठ करून उभी होती. कमरेवर हात. तिच्या मागे अख्खं थर्ड क्लास तोंड वर करून माझ्याकडे बघत होतं. पडदा समोर आणि लोक केबिनकडे बघतायत, ही कुठल्याही ऑपरेटरसाठी चांगली खूण नव्हे.

"ह्याला दुप्पट भ्या म्हनतोस तू? आई एकवीरेची आन घेतलीस ना? मग उद्यापासून मशीनला हात लावशील तर बघ!"

मी पटकन भोकाची झडप लावली. बाहेर चांगला लख्ख दिवस होता, मॅटिनीचा खेळ, आणि मी केबिनला आतून कडी घातली.

हे प्रकरण काय ते सांगतो. साठ सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. पनवेलच्या आमच्या थिएटरात 'बावडीवाली' नावाचा पिक्चर लागला. भुताचा. एका नव्या नवरीला बावडीत ढकलून देतात आणि मग ती एकेकाला बघून घेते. नवव्या रिळात पाण्यातून तिचा हात वर येतो. आधी हात, मग बांगड्यांची खळखळ, मग अर्धा चेहरा. सगळं मिळून वीस-बावीस सेकंद. बस्स. पण त्या वीस सेकंदांनी पनवेल, उरण आणि मधल्या सगळ्या गावांना वेड लावलं. बैलगाड्या जुंपून लोक आले. न्हाव्याकडून होडीने आले. हौसाबाईने नऊ वेळा पाहिला. धर्मा म्हात्रेने अकरा वेळा.

हा धर्मा मिठागरात काम करायचा. दुसऱ्या का तिसऱ्या खेळाला तो येताना मूठभर खडेमीठ घेऊन आला. हात वर आला तसा "दृष्ट जाव! दृष्ट जाव!" करत त्याने ते पडद्याच्या दिशेने भिरकावलं. झालं! दुसऱ्या दिवसापासून ती पद्धतच पडली. जो तो पदरात, खिशात, टोपीत मीठ घेऊन यायचा. नववं रीळ लागलं की सगळे मुठी आवळून बसायचे, आणि हात दिसला रे दिसला की मिठाचा पाऊस! आमचे मालक बापूशेठ आधी वैतागले. मग त्यांच्या लक्षात आलं की झाडताना जितकं जास्त मीठ निघतं, तितका पुढचा खेळ फुल्ल. तेव्हापासून ते तिकीटबारीआधी केरसुणीकडे बघायचे.

लोक वन्स मोअर मागायचे. मी रीळ थांबवून मागे फिरवायचो आणि परत हात काढायचो. असं करून करून फिल्मच्या त्या भागाच्या कडेची भोकं झिजली. कंपनीने तेवढाच नवा तुकडा पाठवून दिला. जुना मी बिस्किटाच्या डब्यात ठेवला. ऑपरेटरची जात, फिल्मचा तुकडा टाकवत नाही.

आता एक गोष्ट कबूल करतो. तेव्हा मेलो असतो तरी कबूल केली नसती. तो हात मी कधी पुरता पाहिलाच नव्हता. पहिल्या दिवशी अर्धा पाहिला आणि त्यानंतर दरवेळी मी भोकाकडे पाठ करून कार्बन नीट करायला लागायचो. कार्बन म्हणजे मशीनमधल्या त्या दोन कांड्या, त्यांच्यातल्या ठिणगीचा उजेड पडद्यावर जातो. कार्बन अगदी नीट असला तरी मी तो नीट करायचो. किंकाळ्या ऐकल्या की समजायचं, झालं एकदाचं.

आणि असा मी, पनवेलात भुताच्या पिक्चरचा सगळ्यात मोठा जाणकार! लोक मला बाजारात गाठून विचारायचे, "वसंता, कसा हाय?" मी सांगेन तो शब्द.

मग दोन वर्षांनी 'बावडीवाली की वापसी' येणार अशी बातमी आली. बापूशेठ म्हणाले, "वसंता, टांग्यात तू बस. भोंगा तूच धर. तुझ्यावर लोकांचा विश्वास आहे."

"शेठ, पण पिक्चर मी बघितलेला नाही. प्रिंट शुक्रवारी सकाळी येणार."

"बघितलेला नाही हे तुला माहीत. लोकांना कुठे माहीत आहे?"

गेलो टांग्यात बसून. मच्छीबाजाराशी आलो आणि अंगात काय आलं कोण जाणे! "पहिल्यापेक्षा दुप्पट! मी स्वतः बघितलाय! मला तीन दिवस जेवण गेलं नाही!" हौसाबाई पाटीवरची सुरमई सोडून उठली.

"आन घे."

"आई एकवीरेची आण! दुप्पट भीती नाही वाटली, तर मी परत मशीनला हात लावणार नाही!"

भोंग्यावर बोललो. अख्ख्या बाजाराने ऐकलं. ऑपरेटरकी सोडून मला दुसरं काहीही येत नव्हतं, आणि घरी माझ्या लग्नाची बोलणी "मुलगा थिएटरात मशीनवर आहे" एवढ्या एका वाक्यावर चालली होती.

आणि शुक्रवारी मॅटिनीला काय दिसलं? बावडीवाली सुधारलेली! पांढरं लुगडं, तोंडाला पावडर, आणि हिरोच्या तान्ह्या बाळाला चक्क पाळण्यात झोपवतेय. अंगाई गाऊन! संपूर्ण पिक्चरभर मिठाचा एक खडा पडला नाही.

खेळ सुटल्यावर मी चहाच्या टपरीमागे लपून ऐकलं. निकाल लागलेलाच होता.

उस्मान टेलर म्हणाले, "पहले पार्ट में दहशत थी मियाँ. चेहरा फक्त अर्धा दाखवला होता. इथे तर पूरा दिखा दिया, वो भी मेकअप के साथ! भूत कसलं, मावशी वाटते."

धर्मा म्हणाला, "पयल्यात चार मानसं मेली. ह्याच्यात येक बी नाय. उलट येक पोर जल्माला आलं!"

"हडळ अंगाई म्हनते," हौसाबाई म्हणाली. "आता मीठ टाकू का साखर?"

बापूशेठ केरसुणी हातात घेऊनच वर आले. केरात फक्त शेंगांची टरफलं होती.

"वसंता, सहाच्या खेळाला सुकापूरची माणसं येतायत. तुझ्या आणेवर. काय करायचं ते कर, मला सांगू नकोस." जाताना त्यांनी चिक्कीचा पुडा ठेवला. शेठला राग आला की ते गोड देत.

मी चिक्की चघळत बसलो. समोर बिस्किटाचा डबा होता. आणि डोक्यात लख्खकन उजेड पडला.

फिल्मचा जोड कसा देतात ते सांगतो. दोन टोकं कापायची, एका टोकावरचा चित्राचा लेप ब्लेडने खरवडायचा, फिल्म सिमेंट लावायचं, आणि टोकं एकमेकांवर दाबून धरायची. लेप कुठल्या बाजूला आहे हे ओळखायची ऑपरेटरची खूण सोपी. फिल्म ओठात धरायची. जी बाजू ओठाला चिकटते, तो लेप. आणि वरचं टोक कुठलं, खालचं कुठलं, हे दिव्यासमोर धरून चित्र बघायचं की कळतं.

मी ओठात धरली. चिकटली. उलटी करून धरली. तीही चिकटली! ओठांवर गूळ होता ना. पण तेव्हा डोक्यात शिरलं नाही. आणि दिव्यासमोर धरून बघणं? तो हात? एकट्याने? केबिनमध्ये? छे छे! मी डोळे मिटले, आई एकवीरेचं नाव घेतलं आणि अंगाईच्या बरोब्बर मध्ये तो तुकडा चिकटवून दिला.

सहाचा खेळ. अंगाई सुरू झाली. खाली जांभया आणि शिट्ट्या. मी वळलो आणि कार्बन नीट करू लागलो.

आणि मग जो आवाज झाला! किंकाळी पहिल्या भागालाही ऐकली होती, पण ही निराळीच होती. आधी शिट्ट्या बंद पडल्या. मग कोणीतरी "आयोऽऽ" केलं, आणि मग बाकं पडल्याचा धडाड आवाज. मीठ! मीठ म्हणजे किती? केबिनच्या झडपेवर खडे येऊन आपटले. इतक्या उंच! मी भिंतीला टेकून खदाखदा हसत सुटलो. वाचलो! आण वाचली, नोकरी वाचली, लग्नसुद्धा वाचलं!

रात्री बापूशेठांनी मीठ पाटीत भरलं. मला काहीच विचारलं नाही.

शनिवारी पुन्हा तेच. रविवारी कंपनीचा रिप्रेझेंटेटिव्ह आला. म्हणजे पिक्चर भाड्याने देणाऱ्या कंपनीचा माणूस. प्रिंट नीट चालवतात ना, हे बघायला तो अधूनमधून यायचा. पांढरी पँट, केसांना तेल, मुंबईचा रुबाब. मला म्हणाला, "अहो ऑपरेटर, हा पिक्चर बाकी सगळीकडे आडवा झालाय. तुमच्याकडेच काय एवढं चाललंय?" मी म्हटलं, "पनवेलची माणसं रसिक आहेत." तो खाली जाऊन बसला.

खेळ संपायच्या आत तो जिने चढत वर आला. तेल लावलेल्या केसांत मीठ. कॉलरमध्ये मीठ.

"ते काय होतं? ते आमच्या पिक्चरमध्ये नाहीये!"

"पहिल्या भागातलं आहे, साहेब. जरासं जोडलं."

"जरासं? सेन्सॉरचं सर्टिफिकेट आहे याला! तुमचं लायसन जाईल! आणि जोडलंत ते जोडलंत, पण उलटं का जोडलंत?"

"उलटं म्हणजे?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "म्हणजे? वर पाणी, खाली डोकं! पहिल्यांदा चेहराच येतो, उलटा टांगलेला, टक लावून बघणारा. मग हात छताकडे ओढला जातो. बांगड्यांचा आवाजसुद्धा उलटा, कोणी श्वास आत ओढावा तसा. तुम्ही बघितलं नाहीत?"

मी सिमेंटच्या बाटलीचं बूच लावलं. एव्हाना हौसाबाई, धर्मा आणि उस्मान टेलर त्याच्या मागोमाग दारात आले होते.

"आमाला ठावं हाय ती पयल्यातलीच," हौसाबाई म्हणाली. "तिची करंगळी वाकडी हाय. नऊ येळा बघितला मी."

मी तिच्याकडे वळलो. "मग परवाच का नाही बोललीस?"

"कशाला बोलू? भ्यालो ना आमी! दुप्पट भ्यालो! आन फिटली तुजी."

"साहब, यही तो वापसी है," उस्मान टेलर समजावून सांगायला लागले. "गई थी सीधी, लौटी उल्टी. बाकी जो आपने बनाया, वो तो घरेलू पिक्चर है."

"ते काही नाही," साहेब म्हणाला. "तुकडा आत्ताच्या आत्ता काढा. माझ्यासमोर."

काढला. सोमवारचा मॅटिनी तुकड्याशिवाय गेला. साहेब खाली बसून होता. अंगाई झाली, बाळ झोपलं, थर्ड क्लासमधले दोघे झोपले. लोकांनी आणलेलं मीठ घरी परत नेलं. जाताना प्रत्येक जण साहेबाकडे असं बघून गेला, जसं काही त्याने पोरीचं लग्न मोडलंय.

पाच वाजता साहेब केबिनमध्ये आला. दार लावलं. घसा साफ केला.

"ऑपरेटर, मी काही बोललो नाही, तुम्ही काही ऐकलं नाही. तो तुकडा लावा." दारापर्यंत गेला आणि वळला. "उलटाच लावा हं. आणि या वेळी बघून."

बघून! मी कार्बन नीट करायला वळलो. पण साहेब दारात उभा. धरला तुकडा दिव्यासमोर, उघडले डोळे. अर्धा चेहरा, हात, वाकडी करंगळी. आणि कोपऱ्यात, अगदी काळोखात, बावडीवालीला कोपराखालून धरून वर ढकलणारा एक पुरुषाचा पंजा. मनगटावर घड्याळ!

मला असं हसू फुटलं की सिमेंटची बाटली सांडली. साहेबाने बघितलं, तोही हसत हसत स्टुलावर बसला. एवढ्या मीठवाल्यांपैकी कोणालाही ते घड्याळ दिसलं नव्हतं. दोन वर्षं मी त्या घड्याळवाल्याला घाबरत होतो!

या वेळी मी तोंड धुऊन, ओठ पुसून, मापात कापून जोड दिला. इतका सफाईदार की पडद्यावर साधा झटका बसला नाही. सहाच्या खेळाला भोकाला डोळा लावून सगळं बघितलं. किंकाळ्या आल्या. मीठ पडलं. झडपेपर्यंत मात्र एकही खडा पोचला नाही.

खेळ सुटल्यावर मी ऐटीत खाली उतरलो. हौसाबाई पदरातलं उरलेलं मीठ झटकत होती.

"कसा झाला?" मी विचारलं.

तिने विचार केला. मन लावून केला. मग म्हणाली, "बरा हाय. पन पयल्यांदा जोडलावतास ना वसंता, त्याची मजा नाय ह्याला."

पुढे तीस वर्षं मशीनवर काढली. कुठल्याही पिक्चरचा दुसरा भाग आला आणि कोणी विचारलं कसा आहे, तर मी बघितलेला असो वा नसो, हौसाबाईचं तेवढं वाक्य सांगायचो. एकदाही चुकलो नाही.