टायपिंगचे सर आणि माऊसचं चाक

"नजर वर, बाई."

सर हे रागावून म्हणत नसत. आठवण करून दिल्यासारखं म्हणत. टायपिंग शिकवणाऱ्या माणसाला एकच भय असतं, शिकणाऱ्याची नजर बटणांवर पडण्याचं. ती पडली की सर खिशातला मोठा रुमाल काढायचे आणि समोरच्याच्या हातांवर पसरायचे. हात रुमालाखाली, नजर पडद्यावर. मग बोटांना आपोआप वाट सापडते, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची स्वतःची बोटं कधी थांबलेली मी पाहिली नाहीत. बोलता बोलता ती हवेत टाइप करायची. चहाच्या गाड्यावर "दोन चहा" म्हणाले की बोटं हवेत तेवढंच उमटवायची. चहावाला म्हणायचा, "सर, तोंडानं सांगितलेलं पुरतंय हो, नक्कल कशाला काढता?" त्यावर ते हसून हात पाठीमागे बांधायचे. तुम्ही मागं जाऊन पाहिलं असतं, तर बोटं तिथंही चालूच.

लातुरात तेव्हा गल्लीगल्लीत क्लास निघाले होते. गावोगावच्या पोरापोरींनी खोल्या भरून गेल्या होत्या. ज्यांच्या घरात दोन खोल्या, त्यांनी एक भाड्यानं दिली होती. मी अशाच एका क्लासमध्ये झाडलोट करायची, पाणी आणि चहा बघायची. सगळे मला मावशी म्हणायचे, माझ्याहून मोठेसुद्धा. सर एकटे बाई म्हणायचे.

ते मूळचे नांदेडचे, जुन्या मुसलमान घरातले. वडील कचेरीबाहेर झाडाखाली मशीन मांडून लोकांचे अर्ज टाइप करायचे. पुढं सरांनी टायपिंगचा क्लास काढला. तिथून शिकलेली माणसं साऱ्या मराठवाड्यात कचेऱ्यांमध्ये बसली आहेत, हे ते फार अभिमानानं सांगायचे. मग टाइपरायटर गेले. मशिनी भंगारात घालून सर लातूरला आले आणि आमच्या संचालकांनी त्यांना कॉम्प्युटरचे सर केलं.

"मला कॉम्प्युटर येत न्हाई जी, बटणं येतात," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

"बटणंच तर आहेत, सर," संचालक म्हणाले होते.

दुपारी पोरं जेवायला जायची, तेव्हा लॅब रिकामी असायची. मी फरशी पुसताना बटणांवरची अक्षरं वाचत असे. एकदा सरांनी ते पाहिलं.

"शिकल्या किती, बाई?"

"चौथी," मी फरशीकडं बघून म्हणाले.

"मग अक्षरं ओळखीची हायत. आता बोटांची ओळख करून देऊ."

मला वाटलं, चेष्टा करून राहिले. पण त्यांनी खुर्ची पुसली आणि रुमाल काढला.

पुढं हात बसल्यावर ते म्हणाले, "आजपर्यंत माझ्या मनानं टाइप केलं. आता तुमच्या मनानं करा. मी वाचणार न्हाई." आणि खरंच, मी लिहायला बसले की ते खिडकीकडं तोंड करून उभे राहायचे. बोटं पाठीमागं हवेत चालू.

मी काय लिहीत होते, ते सांगायला हवं. त्याशिवाय सरांनी काय केलं, ते तुम्हाला कळणार नाही.

आमचं गाव औसा तालुक्यात. भूकंप झाला तेव्हा माझं लग्न नवं होतं. घर दगडमातीचं, आम्ही झोपेत. मला ढिगाऱ्यातून काढलं तेव्हा उजाडलं होतं आणि अंगावर कपडा राहिला नव्हता. काढणाऱ्यांचा दोष नाही, त्यांनी जीव वाचवला. पण भोवती सगळी आळी उभी होती, बाहेरगावाहून धावून आलेली माणसं होती. एकाच्या गळ्यात कॅमेरा होता. माझा नवरा अजून आतच होता, आणि मी मात्र "चादर द्या, चादर द्या" म्हणत होते. त्याचं नाव माझ्या तोंडात आलं नाही. तो गेला. मला अजून वाटतं, त्या वेळी जी ओरडले, ती त्याच्यासाठी का ओरडले नाही. तेव्हापासून चारचौघांत मी वर बघत नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बोटांनी मात्र ते रुमालाखाली सगळं सांगितलं.

आता चाकाचं.

क्लासमध्ये ऑनलाइन परीक्षेचा सराव घ्यायचे. सरावाचं ते सॉफ्टवेअर लिनक्सवर चालायचं आणि आमचे कॉम्प्युटर होते विंडोजचे. म्हणून कुणीतरी एकदा येऊन प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर बसवून गेला होता. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. खरा एकच असतो. आतला नुसता खऱ्यासारखा वागतो. सर त्यांना बाहेरला आणि आतला म्हणायचे, घरात दोन भाऊ असावेत तसं.

तर बाहेरल्यात माऊसचं चाक फिरवलं की पान खाली जायचं. आतल्यात जायचं नाही. बाण फिरायचा, टिचकी चालायची, चाक मात्र नुसतं फिरायचं. प्रश्न लांब असला की पोरं अडकायची. सरांना बरेच दिवस ह्याचा पत्ताच नव्हता, कारण ते स्वतः चाकाला हात लावत नसत. पान खाली न्यायला त्यांच्याकडं बटण होतं. "बोटं बटणांवरून उचलायची कशाला?" म्हणायचे. शेवटी पोरांनी घरी तक्रार केली आणि पालक संचालकांकडं आले.

"सर, तुमच्यानं होत नसंल तर सांगा. पुण्याचा एक तरुण सर यायला तयार आहे," संचालक सगळ्यांदेखत म्हणाले. "रविवारी पालकांना बोलावलंय. मोठ्या पडद्यावर चाक चालवून दाखवा. न्हाईतर मला विचार करावा लागंल."

सर "जी" म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. तरुण पोरांसमोर म्हाताऱ्या माणसाला असं बोललेलं ऐकून मीच बादली उचलून बाहेर गेले.

मग त्यांनी त्या माऊसचे काय हाल केले! उलटा करून फुंकर घातली. अत्तराच्या फायानं चाक पुसलं, तर लॅबभर उदबत्तीसारखा वास. दुसऱ्या कॉम्प्युटरचा माऊस ह्याला, ह्याचा त्याला. मला म्हणायचे, "बाहेर फिरतंय, आत न्हाई. म्हणजे चाक निर्दोष हाय, बाई."

शेवटी दोष कुठं आहे ते त्यांना सापडलं. आतल्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये एक ओळ होती. तुझ्या हातात काय आहे, हे त्याला त्या ओळीत सांगितलेलं असतं. तिथं माऊसऐवजी टॅबलेट लिहिलं होतं.

"त्याला वाटतंय, हातात पाटी हाय," सर म्हणाले. "पाटीला चाक कुठून असणार? तो बिचारा चाकाची वाटच बघत न्हाई."

पण ती ओळ फिक्कट दिसायची आणि काही केल्या बदलायची नाही. ह्याला कारण सरांचीच सवय होती. टाइपरायटरवर रोज संध्याकाळी झाकण घालतात. अर्धा टाइप झालेला कागद तसाच आत राहतो, सकाळी झाकण काढलं की तिथूनच पुढं. आतल्या कॉम्प्युटरलाही ते असंच निजवायचे, पूर्ण बंद कधी करायचेच नाहीत. बंद करणं त्यांना अर्धा कागद ओढून फाडल्यासारखं वाटायचं. आम्हा सगळ्यांना त्यांनी तेच शिकवलं होतं, झाकण घाला. आणि निजलेल्या मशीनची ती ओळ बदलत नाही.

एका दुपारी मशीन चालू असतानाच लाइट गेली. सगळं धाडकन बंद. लाइट आल्यावर सरांनी सेटिंग उघडलं, तर ओळ काळीभोर. त्यांनी टॅबलेट काढून माऊस केलं, आतलं मशीन चालू केलं आणि चाकावर बोट ठेवलं. पान खाली गेलं.

सरांनी उठून मला खुर्ची दिली. "फिरवा, बाई."

मी फिरवलं. पान कसं अलगद खाली गेलं, वर आलं. आम्ही दोघं लहान पोरांसारखे पाळीपाळीनं ते चाक फिरवत बसलो.

"रविवारपर्यंत कुणाला सांगू नका," ते म्हणाले. "बघू द्या त्यांना."

शनिवारी दुपारी मी त्याच कॉम्प्युटरच्या आतल्यात लिहायला बसले. पंख्याखाली तोच होता. आधीचं सेव्ह केलेलं असल्यानं लाइट गेली तरी वाचलं होतं. त्या दिवशी माझं लिहून संपलं. सुरुवातीपासून वाचावं म्हणून मी पान वर नेलं, तेवढ्यात दारात संचालकांचा आवाज आला. मी घाबरून सवयीनं झाकण घातलं आणि फडकं हातात घेतलं.

रविवारी लॅब भरली होती. भोकरहून आलेले होते, उमरीचे होते. पुढच्या रांगेत दोघं औशाकडचे, आमच्या गावाच्या बाजूचे. मी भिंतीशी पाण्याचा ट्रे घेऊन उभी होते. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी झाकण काढलं आणि मोठ्या पडद्यावर माझं पान आलं.

"मी चौथी शिकले. भूकंपाच्या आधी आमचं घर..." एवढ्या मोठाल्या अक्षरांत. पुढचं सगळं पडद्याच्या खाली होतं. चाकाच्या एका फेऱ्यावर.

सर ते बंद करायला गेले.

"थांबा, थांबा," संचालक म्हणाले. "कुणी पोरीनं लिहिलेलं दिसतंय. मराठी बघा किती स्वच्छ टाइप केलंय! हेच दाखवा. चालवा चाक, घ्या खाली. वाचू द्या की पालकांना."

औशाकडचा एक माणूस पुढं सरकला. "भूकंपाचं दिसतंय. आमच्याकडचं हाय काय?"

मी कधी नव्हे ते वर पाहिलं, आणि सर माझ्याकडंच बघत होते. खाली काय लिहिलंय, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी एक अक्षर वाचलेलं नव्हतं. त्यांनी फक्त माझं तोंड पाहिलं.

मग त्यांनी माऊसवर हात ठेवला आणि बोट फिरवलं. एकदा, पुन्हा, पुन्हा. पान जागचं हललं नाही.

समोरच्यांना नुसता त्यांचा हात दिसत होता. मी बाजूला उभी होते. बोट चाकाच्या वर होतं. हवेत फिरत होतं, आयुष्यभर फिरत आलं तसं. चाकाला टेकलंच नाही.

"मास्तर, हवा भरा की चाकात," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"आमच्या पोराचा पेपर असाच अडकला, तर भरून कोण देणार?" भोकरचा पालक म्हणाला.

"काय सर, हे काय?" संचालकांचा आवाज चढला.

"आतल्या मशीनला चाक मानवत न्हाई जी," सर म्हणाले. मान खाली होती. "माझ्यानं न्हाई झालं." आणि कुणी बटणांनी पान खाली न्या म्हणायच्या आत त्यांनी झाकण घालून पडदा मालवला.

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणते. पण काय बोलणार होते? चाक चालतंय म्हटलं की ते फिरवून दाखवावं लागलं असतं.

लोक गेल्यावर मी ट्रे घेऊन तिथंच उभी होते. सरांनी झाकण काढलं. तोंड खिडकीकडं.

"बाई, हे ठेवायचं का घालवायचं?"

मी ट्रे खाली ठेवला. ते उठले आणि खुर्ची पुसून बाजूला झाले. मी बसले, पण नजर बटणांवरच. त्यांनी खिशातून रुमाल काढला, माझ्या हातांवर टाकला आणि पुन्हा खिडकीपाशी गेले. मी पान सेव्ह केलं. एका जुन्या पेनड्राइव्हवर ते त्यांनी मला काढून दिलं. देताना पडद्याकडं पाठ होती, बटणांवरूनच सगळं केलं.

"सर, तुमची नोकरी..." मी म्हणाले.

"नांदेडात लेक हाय माझी. कधीपासून बोलवून राहिली." मग म्हणाले, "मी काही पाहिलं न्हाई, बाई."

दोन-तीन दिवसांत ते नांदेडच्या गाडीत बसले. पुढं त्यांची गाठ पडली नाही. काही वर्षांनी तिकडून आलेल्या एका पालकाकडून कळलं, की ते गेले. रुमाल माझ्याकडंच राहिला. तो मी परत केला नाही आणि त्यांनी मागितला नाही.

त्यांच्या जागी पुण्याचे तरुण सर आले. चांगले होते. पहिल्याच दिवशी ते पंख्याखालच्या कॉम्प्युटरवर बसले आणि म्हणाले, "ह्याचं चाक तर चालतंय की!" ह्याचं सेटिंग पाहून त्यांनी बाकीचेही तसेच करून टाकले. संचालक प्रत्येक पालकाला सांगू लागले, बघा, नव्या सरांनी आल्या आल्या केलं. ते म्हाताऱ्याच्या कुवतीबाहेरचं होतं.

मी दारात होते. फडकं खाली ठेवलं आणि वर बघून म्हणाले, "ते आधीच्या सरांनी केलं होतं."

संचालकांना आधी आवाज कुणाचा तेच कळलं नाही. मग ते हसले. वाईट हसले नाहीत, लहान पोराला हसतात तसं. "मावशे, तुला काय कळतंय त्यातलं? चौथी शिकलेली तू. जा, सरांना चहा सांग."

मी चहा सांगितला. आणून नव्या सरांच्या टेबलावर ठेवला. ते प्रश्न तपासत होते, पान सरसर खाली चाललं होतं. मी थोडा वेळ त्यांच्या हाताकडं बघत राहिले.

बोट चाकाला टेकलेलं होतं.