काशिनाथची नोकरी बघायला

माझा धाकटा भाऊ काशिनाथ जव्हारच्या एका सरकारी कचेरीत शिपाई म्हणून लागला, तेव्हा तो नोकरी कशी करतो ते बघायला आमचा अर्धा पाडा गेला होता. माझ्या जीपमधून. फुकट.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जव्हार-मोखाडा वाहतुकीची ती जीप मी स्वतःच्या हिमतीवर घेतली होती. (विकणाऱ्याला इतका पिळला, की शेवटी तो हात जोडून म्हणाला, "न्या, पण परत तोंड दाखवू नका.") जीप पहिल्यांदा दारात आली, तेव्हा बा एवढंच म्हणाला, "कोंबड्यांवर घालू नको." आणि काशिनाथला बसायला स्टूल मिळालं, तर म्हातारा आमच्या सगळ्या सूर्यमाळ गावाला सांगत फिरला!

कचेरीच्या व्हरांड्यात आम्ही ओळीने उकिडवे बसलो. आम्हाला बघून काशिनाथचा चेहरा पडला.

"दादा, ने ना ह्यांना इथून. मी अजून हंगामी हाय. घरचा बाजार इथं भरवलाय कळलं, तर साहेब उद्याच घरी बसवतील."

"मला काय सांगतोस? बाला सांग."

एवढ्यात आत घंटी वाजली. काशिनाथ ताडकन उठून आत गेला. बाचे डोळे भरून आले.

"बघ. एवढा मोठा साहेब, पण आपल्या काशाबिगर त्याचं पान हलत नाय."

(साहेबांना चहा हवा होता.)

घंटी पुन्हा वाजली, तेव्हा आदराने सगळेच उभे राहिले. त्याच क्षणी साहेब बाहेर आले. भर उन्हाळा, समोर डोंगरावरची एवढी माणसं, तीही एकदम उभी. साहेबांना वाटलं, मोर्चा!

"कुठून आलात?"

"सूर्यमाळकडून," मी म्हणालो.

"पाण्यासाठीच ना?"

साहेबांच्या मागे काशिनाथ चहाचा ट्रे घेऊन मानेने 'हो म्हण, हो म्हण' करत होता.

"होय," मी म्हणालो.

"दिवसाआड टँकर पाठवतो. आता जा."

जायला हवं होतं. पण समोरच्याने पहिल्यांदा सांगितलेलं कबूल करायचं, हे माझ्या रक्तात नाही.

"रोज पाहिजे."

"शक्य नाही."

"मग बसतो," मी म्हणालो. बाने लगेच बसून तंबाखू मळायला घेतली.

"बरं बाबा, रोज."

"दोन."

ट्रेमधले कप वाजायला लागले. साहेब वळले. "काशिनाथ, ओळखतोस यांना?"

"नाय साहेब," माझा सख्खा भाऊ म्हणाला, "पण हा जीपवाला लई भांडखोर. मोखाड्यात कुणालाबी विचारा."

मी बाही वर सारली. तेवढ्यात काशिनाथ पुढे आला आणि नुसता हात करून म्हणाला, "चला, उठा. साहेबांना काम हाय."

सरकारी माणसाचा हुकूम! पाडाच्या पाडा मुकाट्याने उठला आणि जीपमध्ये जाऊन बसला. साहेब बघतच राहिले. "अरे, एवढा मोर्चा एका शब्दात उठवलास? तुला कायम करायला पाहिजे."

पुढे केलाही.

दुसऱ्या दिवशी पाड्यावर टँकर आला. बायांनी हंडे भरता भरता काशिनाथचं नाव घेतलं. बा टँकरवरून हात फिरवत मला म्हणाला, "नोकरीची ताकद बघितलीस? तूबी बघ आता एखादी. जीप किती दिस हाकणार?"

मला असा संताप आला, की तडक जव्हार गाठलं, काशिनाथला स्टुलावरून उठवून बाजूला घेतलं आणि खडसावून विचारलं, "तुमच्यात ड्रायव्हरची जागा आहे का रे? पण हंगामी असेल, तर मला सांगूच नको."