असल्यासकाका

पांडूकाका गावडे घरात आंबोळीसुद्धा सरळ मागायचे नाहीत. पडवीतल्या बाकावर बसायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि स्वयंपाकघराच्या दिशेने खणखणीत आवाजात विचारायचे, "एक : आज सकाळी घरात आंबोळ्या करण्यात आल्या, हे खरे आहे काय? दोन : असल्यास, त्यांपैकी चार शेजारी पाठविण्यात आल्या, हेही खरे आहे काय? तीन : असल्यास, घरातील ज्येष्ठ पुरुषास अद्याप एकही न मिळण्याची कारणे काय आहेत?"

आतून काकींचा आवाज यायचा, "माहिती गोळा करण्यात येत आसा! चुलीर तवो आसा, गप बसा."

काकी चौथी शिकलेल्या. पण सरकारी उत्तरं त्यांना मंगलाष्टकांसारखी पाठ होती. त्याला कारण काकांची नोकरी. काका मंत्रालयात तीस वर्षं कारकून होते. आमदार विधानसभेत मंत्र्याला लेखी प्रश्न विचारतो आणि मंत्री त्याला उत्तर देतो, हे तुम्हाला माहीत असेल. ते उत्तर मंत्री स्वतः बसून लिहितो असं जर तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही माझ्याइतकेच भोळे. ते आमचे पांडूकाका लिहायचे. "पाच मंत्री बदलले," ते सांगायचे, "पेन तोच. शाई तेवढी सरकारान बदलल्यान."

निवृत्त होऊन काका गावी आले ते मंत्रालयातली भाषा अंगावरच्या शर्टासारखी घालून. महिन्याभरात गावाने त्यांचं बारसं केलं : असल्यासकाका.

त्यांची माझी खरी ओळख झाली ती माझ्या आगाऊपणामुळे. मी तेव्हा बारावीला दुसऱ्यांदा बसण्याच्या तयारीत होतो, म्हणजे दिवसभर बाजारातल्या हाटेलात बसून लोकांच्या नकला करत होतो. सरपंच, कंडक्टर, आमच्या हेडसरांचं शिंकणं, सगळा माल तयार. एक दिवस असल्यासकाका काढले. लोक हसून हसून बशीतला चहा सांडत होते. मला वाटलं, काय रंगलोय मी! मागे वळलो तर काका उभे.

"मेल्या," ते अगदी शांतपणे म्हणाले, "मी 'असल्यास' म्हणताना चष्मो वर सारतंय आणि 'नसल्यास'क खाली. तू दोनय वेळा वर सारलंस. सुधार." आणि माझ्या पुढ्यातला चहा पिऊन निघून गेले.

त्या दिवसापासून मी त्यांच्या पडवीत पडीक. नकलेसाठी माल मिळतो म्हणून जायचो, आंबोळीही मिळायची.

आमच्या गावात एक आरोग्य केंद्र होतं. इमारत चांगली, पाटी चांगली, पाटीवर डॉक्टरचं नावही चांगलं. फक्त डॉक्टर नव्हता. एक नर्सबाई होत्या, त्या बिचाऱ्या खोकल्यापासून फुरसं चावण्यापर्यंत सगळ्याला पुरून उरायच्या. ग्रामपंचायतीने अर्ज पाठवून पाठवून कार्बन पेपर झिजवले होते.

काका म्हणाले, "अर्जाक उत्तर देऊक कोण बांधलेलो नाय. अर्ज म्हणजे समुद्रात टाकलेलो नारळ. विधानसभेतल्या प्रश्नाक मात्र उत्तर द्यावाच लागता. आणि छापून येता, पुसूक गावणा नाय."

आमचे आमदार सज्जन माणूस. काजूच्या व्यापारातून राजकारणात आलेले, कुणाशी मोठ्याने बोलायचे नाहीत. काकांनी त्यांना प्रश्न लिहून दिला आणि त्यांनी तो घातला. आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद रिक्त आहे, हे खरे आहे काय? असल्यास, ते केव्हा भरण्यात येईल?

उन्हाळ्यात लेखी उत्तर आलं. आमदारांनी ते माणसाकरवी काकांकडे पाठवलं. काकांनी कागद उघडला, वाचला आणि एवढ्या मोठ्याने हसले की काकी भाताची पळी घेऊन बाहेर आल्या. कागदावर दोनच ओळी होत्या. एक : हे खरे नाही. दोन : पद रिक्त नसल्याने प्रश्न उद्भवत नाही.

"काका, ह्यात हसण्यासारखा काय आसा?" मी विचारलं.

"अरे, ह्यां उत्तर माझा आसा! शब्द न् शब्द माझो! माका रिटायर होवन तीन वर्सां झाली, तरी थंयचो नवो कारकून माझीच जुनी फायल बघून उतरवता."

"पण ह्यां खोटा आसा ना?"

"खोटा खंय? डॉक्टर नेमलेलो आसा. कागदार तो हयसर आसा आणि अंगान शहरातल्या मोठ्या इस्पितळात आसा. तेका प्रतिनियुक्ती म्हणतत. पद भरलेला, खुर्ची रिकामी. मी पद इचारलंय, तेंनी पदाचा उत्तर दिल्यानी." मग त्यांचं हसू ओसरलं. "तीस वर्सां दुसऱ्यांका पळूची वाट दाखवलंय, आणि स्वताच्या दाराक कडी घालूक इसारलंय. म्हातारो झालंय रे."

मला त्या वेळी हसू आलं नाही, कारण आमच्या घरात त्या केंद्राचा हिशेब वेगळा होता. भाऊ मुंबईत नोकरीला. वहिनी इथे. आदल्या वर्षी तिचं पहिलं बाळंतपण अडलं. नर्सबाईंनी हात जोडले, म्हणाल्या, हे माझ्या हातचं नाही, डॉक्टर पाहिजे. तालुक्याला पोचेपर्यंत उशीर झाला. वहिनी परत आली, बाळ आलं नाही. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. गणपतीच्या आसपासची तारीख होती. आई तर बाळाचं नावही काढत नव्हती, जणू काही बोललं तर नशीब ऐकेल.

काकांना हे मी सांगितलं. त्यांनी चष्मा वरही केला नाही आणि खालीही केला नाही. नुसतेच म्हणाले, "कॅलेंडर काढ."

त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरावर लाल टिंबं होती. डॉक्टर गावात दिसला की टिंब. पाच महिन्यांत दोन टिंबं. एक सव्वीस जानेवारीचं, झेंड्यासाठी. दुसरं जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले होते त्या दिवशीचं.

नवीन प्रश्न लिहायला काकांनी तीन दिवस घेतले. मी वाचला आणि चाट पडलो. जानेवारी ते मे या काळात वैद्यकीय अधिकारी केंद्रात प्रत्यक्ष किती दिवस हजर होते? उर्वरित दिवस ते कोठे काम करीत होते? कोणाच्या आदेशाने? त्या काळात केंद्रातील रुग्णांना कोणी तपासले?

"काका, ह्यात 'हे खरे आहे काय' खंयच नाय!"

"नाय ठेवलंय. तां इचारला की 'नाय' म्हणान सुटतत. जाळ्याची भोकां मोठी ठेवलंस तर मंत्री तारल्या माशासारखो निसटता. आता तेका आकडो तरी सांगूक व्हयो, नायतर नाव तरी." स्वतःचं लाडकं वाक्य खोडताना त्यांना काय वाटलं असेल, देव जाणे. मला मात्र एखाद्या मिशीवाल्याने मिशी काढल्यासारखं वाटलं.

हा प्रश्न तारांकित होता. म्हणजे छापील उत्तर येऊन भागत नाही, मंत्र्याला सभागृहात उभं राहावं लागतं आणि आमदाराला तिथल्या तिथे उपप्रश्न विचारता येतात. इथेच खरी अडचण होती. आमचे आमदार उभे राहण्यात चांगले नव्हते. त्याहून बसण्यात चांगले होते.

म्हणून पावसाळी अधिवेशनाआधीच्या रविवारी काकांच्या पडवीत विधानसभा भरली. आमदार बाकावर. मी काकांच्या खुर्चीत, मंत्री. काकी अध्यक्ष, हातात पळी. कोणी जास्त बोललं की पाटावर आपटायची. काका मध्ये फेऱ्या मारत.

"माननीय अध्यक्ष महोदया," आमदारांनी काकींना सुरुवात केली. काकी लाजून पदर सावरायला लागल्या. काका ओरडले, "लाजू नको गो, सरकार चालता आसा!"

आमदारांनी विचारलं, डॉक्टर किती दिवस हजर होते? मी रेडिओवर ऐकलेला सगळा भारदस्तपणा घशात आणला. "अध्यक्ष महोदया, सन्माननीय सदस्यांच्या भावना मी समजू शकतो. याबाबतची माहिती घेऊन ती सभागृहासमोर ठेवण्यात येईल."

"धन्यवाद," असं म्हणून आमदार खाली बसले.

"धन्यवाद कित्याक?" काका कळवळले. "तेणां तुमका दिल्यान काय? प्रश्न जाऊन महिनो झालो, माहिती आजून वाटेत आसा काय, असा इचारा!"

आमदार पुन्हा उभे राहिले. मी म्हटलं, "सदर प्रतिनियुक्ती रद्द करण्याचा विचार करण्यात येईल." ते पुन्हा बसले. काकींनी पळी आपटली, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "शक्य तितक्या लवकर योग्य ती कार्यवाही." चौथ्यांदा, "शासन याबाबत सकारात्मक आहे." मला इतकी गंमत यायला लागली की थांबवेना. आमदार घामाघूम झाले. ते म्हणाले, "अरे, हो खऱ्या मंत्र्याच्या वरताण आसा! ह्याच्यापुढे मी काय बोलू?"

मी खुर्चीत आणखी रेलून म्हटलं, "अध्यक्ष महोदया, घाई करून चालणार नाही. सर्व बाबी तपासून, यथावकाश..."

"मंत्रीसायबानू."

दारात वहिनी उभी होती. मला जेवायला बोलवायला आली होती. एक हात चौकटीवर, एक कमरेवर. तिचा सातवा सरत आला होता.

"माझी तारीख ठरलेली आसा," ती म्हणाली. "तुमची कधी?"

खुर्चीतला मंत्री गेला आणि तिथे तिचा दीर उरला. काकींची पळी हातातच राहिली. आमदार मात्र हळूच उभे राहिले आणि वहिनीला म्हणाले, "बाय, ह्यां मी थंय बोललंय तर तुका राग येतलो काय?"

"येवचो नाय. पण बसू नका," वहिनी म्हणाली.

पुढचं आम्हाला आमदारांनीच येऊन सांगितलं. प्रश्नोत्तरांच्या तासाला त्यांचा प्रश्न चौथा लागला. हजेरीचा आकडा मंत्र्यांना वाचावा लागला : दोन दिवस. सभागृह हसलं. मग मंत्री म्हणाले, प्रतिनियुक्ती रद्द करण्याचा विचार करू. आमदार बसले नाहीत. म्हणाले, "अध्यक्ष महोदय, माझ्या गावातल्या एका बहिणीची तारीख ठरली आहे. मंत्रिमहोदयांची तारीख कोणती?" दोन्ही बाजूंची बाकं वाजली. मंत्र्यांनी मागे अधिकाऱ्यांकडे पाहिलं आणि तारीख दिली. पंधरा दिवस.

"मी बसूकच लागललंय," आमदार म्हणाले. "पण बसलंय तर ती बाय दारात उभी दिसात, ह्या भियान उभो रवलंय."

सतराव्या दिवशी एक तरुण डॉक्टर ट्रंक घेऊन यष्टीतून उतरला. काका म्हणाले, दोन दिवस माफ. दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या केंद्रात वहिनीला मुलगी झाली. बाळंतपण याही वेळी अडलं होतं. डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाला, अर्धा तास उशीर झाला असता तर अवघड होतं. गावभर पेढे वाटले गेले. बाळाने काकांचं बोट धरलं आणि सोडेना.

सगळे काकांचा जयजयकार करत होते, पण ते लवकर घरी निघून गेले. संध्याकाळी पडवीत म्हणाले, "तां उत्तर मी पयल्यांदा लिवलंय, तेव्हा प्रश्न घाटावरच्या एका गावचो होतो. 'पद रिक्त नसल्याने प्रश्न उद्भवत नाही.' साहेबान माझी पाठ थोपटल्यान. थंय कोण अडलेला होता, कोणाचा काय झाला, माका म्हायत नाय. मी गावाचा नावसुद्धा नीट वाचूक नव्हतंय. फायलीचो नंबर तेवढो वाचलंय."

"मग तां नाव आता कळतला कसा?"

"मंत्रालयातल्या जुन्या दोस्ताक कार्ड घातलंय. तेणां फायल बघून कळवल्यान."

नवरात्र झाल्यावर काका छत्री आणि पिशवी घेऊन घाटावर जाणाऱ्या यष्टीत बसले. काकी म्हणाल्या, खुळावले. चार दिवसांनी परत आले, पायाला फोड घेऊन. यष्टी त्या गावापर्यंत जात नव्हती, शेवटचा दीड कोस पायी.

"डॉक्टर आसा थंय?" मी विचारलं.

"आसा. बरो माणूस. च्या पाजल्यान."

"आणि जुनी माणसां? कोणाक इचारलास?"

काकांनी फोडावर तेल चोळलं. मग म्हणाले, "दोन दिवस देवळात बसलंय. म्हातारी माणसां येत होती, जात होती. इचारूक तोंड उघडला नाय. तीस वर्सां प्रश्न आणि उत्तरांत काढलंय, पण तो एक प्रश्न माका जमलो नाय."

त्यानंतर आजूबाजूच्या गावांतले लोक प्रश्न लिहून घ्यायला यायचे, तेव्हा काका आधी त्यांच्याबरोबर त्यांच्या गावी जाऊन यायचे. जामसंड्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत, जमेल तिथे. गेल्या वर्षी एका ओढ्यावरच्या साकवावरून परत येताना भिजले, तापले आणि आठ दिवसांत गेले. तेही आमच्याच केंद्रात, डॉक्टरला औषधाबद्दल तीन उपप्रश्न विचारून.

मी बारावी एकदाची पास झालो आणि तालुक्याच्या कचेरीत चिकटलो. वरून प्रश्न येतात, खालून उत्तराचे मसुदे जातात, मध्ये माझं टेबल. जुन्या फायली हाताशी आहेत. सुरेख उत्तरं आहेत त्यांत, नक्कल करायला एकदम सोपी, आणि नकलेत माझा हात कोण धरणार? पण मसुदा लिहायला घेण्याआधी मी उठतो, स्टँडवर जातो आणि कंट्रोलरला विचारतो, त्या गावाची यष्टी किती वाजता सुटते.