न सांगता दिलेली शिदोरी

एडवणच्या जयवंती तामोरेला पालघर तालुक्यात आता ‘बोंबील मॅडम’ म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, तेवढी सभ्यता लोकांत शिल्लक आहे. तिची पाठ वळली की म्हणतात. दीड वर्षापूर्वी ह्याच लोकांनी तिचा बॅनर एसटीच्या थांब्यावर लावला होता आणि त्यावर भल्या मोठ्या अक्षरांत ‘सद्भावना दूत’ असं छापलं होतं. बॅनरचा निम्मा भाग वाऱ्यानं फाटला. उरलेला तिच्याच भावकीतल्या एकानं कोंबड्यांच्या खुराड्यावर घातला. जयवंतीचं हसरं तोंड नेमकं त्याच भागात आलं आहे.

जयवंती कबड्डी शिकली ती किनाऱ्यावर. ओहोटी लागली की ओल्या वाळूत काठीनं रेघा ओढायच्या आणि अंधार पडेपर्यंत खेळायचं. वाळूत खेळलेल्या पोरीच्या पायांत असा जोर येतो की मैदानावर तिला कोणी जागचं हलवू शकत नाही. दोनदा ती राज्याकडून खेळली. तिसऱ्या वर्षी तिचा बाप रामा समुद्रावर गेला तो परत आला नाही, आणि पोरीचं खेळणं तिथंच संपलं. मग बोईसरच्या एका खासगी शाळेत ती कबड्डी शिकवायला लागली. कंत्राटावर. दर एप्रिलमध्ये घरी बसायचं आणि जूनमध्ये पुन्हा अर्ज घेऊन मुख्याध्यापकांच्या दारात उभं राहायचं, असं चौदा वर्षं चाललं. कारखान्यांत कामाला आलेल्या साताऱ्याकडच्या, जळगावकडच्या लोकांच्या मुली तिच्या हाताखाली तयार झाल्या. त्यातल्या सात राज्यापर्यंत गेल्या. वर्तमानपत्रात फोटो आले, त्यांत मुलींच्या शेजारी मुख्याध्यापक होते.

अशा बाईला एकदाचं काहीतरी मिळालं. मुंबईच्या एका क्रीडा मंडळानं दूरच्या एका बेटांच्या देशात दोन प्रशिक्षक पाठवायचं ठरवलं. देशाचं नाव सांगत नाही, कारण त्या देशाचा ह्यात काही दोष नाही. तिथल्या शाळांतून वर्षभर कबड्डी शिकवायची, दोन देशांत मैत्री वाढवायची, आणि वर्ष पुरं करून परत आलं की जिल्ह्याच्या प्रशिक्षकाची कायमची जागा. ‘कायमची’ हा शब्द जयवंतीनं पत्रात बोट ठेवून तीनदा वाचला. पुन्हा जूनमध्ये कोणाच्या दारात उभं राहायचं नव्हतं. दुसरा निवडलेला होता पालघरचा भाग्येश. वय तिच्यापेक्षा बारा वर्षांनी कमी, इंग्रजी फाडफाड, आणि तिला मात्र वाकून ‘ताई’ म्हणायचा.

पालघरला दोघांना सगळे नियम समजावून दिले. त्यात एक नियम अधिकाऱ्यानं तीन वेळा सांगितला. त्या देशात खाण्याची वस्तू न्यायची नाही. वाळवलेलं नको, लोणचं नको, बी-बियाणं नको. विमानात एक कागद भरायला देतील. जवळ काही असेल तर ‘हो’ लिहा, ते काढून घेतील आणि सोडून देतील. असून ‘नाही’ लिहिलंत तर तो खोटेपणा, आणि खोटं लिहिणाऱ्याला ते दारातूनच परत पाठवतात.

जयवंतीनं घरी येऊन हे सगळं आईला सांगितलं. रत्नाबाई अंगणात बोंबलांच्या जोड्या दोरीवर टाकत होती.

“सुकट पन नाय?” तिनं विचारलं.

“काय म्हंजे काय नाय, आय.”

“बरं,” रत्नाबाई म्हणाली आणि पुढची जोडी दोरीवर टाकली.

आता ह्या घरातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. तामोऱ्यांच्या घरातून कोणी समुद्रावर निघालं की घरची बाई त्याच्या सामानात शिदोरी ठेवते, पण ती न सांगता ठेवायची. आणि ज्याची आहे त्यानं ती जमीन दिसेनाशी होईपर्यंत उघडायची नाही. हाताला लागली तरी चाचपायची नाही, लागली असं म्हणायचंही नाही. रामा गेला त्या दिवशी रत्नाबाई माहेरी होती. जावेनं भाकऱ्या बांधल्या आणि त्याच्या हातात उघड्यावर दिल्या, वर म्हणाली, “घ्या भावजी, विसराल.” त्यानंतर रत्नाबाईनं जावेला एका शब्दानंही दोष दिला नाही. पण त्यानंतर ती एक दिवसही माहेरी राहिली नाही.

निघण्याच्या दिवशी एडवणात बेंजो लावला होता. नऊ शाली झाल्या, एका पुढाऱ्यानं भाषणात जयवंतीचं नाव दोनदा चुकवलं. जीप सुटली तेव्हा रत्नाबाई गर्दीच्या मागं उभी होती. रडत नव्हती. काम झालेल्या बाईचा चेहरा होता तो.

विमानतळावर सामान द्यायच्या आधी जयवंतीनं गुडघ्याला बांधायचे पट्टे आत सरकवायला बॅगेत हात घातला. तळाशी टॉवेलमध्ये काहीतरी कडक लागलं. लांबट, सुतळीनं बांधलेलं. तिच्या लगेच लक्षात आलं. काढून कचऱ्याच्या डब्यात टाकायला अर्धं मिनिट पुरलं असतं. भाग्येश चार पावलांवर सेल्फी काढत होता, त्याला कळलंही नसतं. पण हात पुढं जाईना. शिकलेली, चौदा वर्षं पोरींना ‘भीती मैदानाबाहेर ठेवा’ म्हणून शिकवलेली बाई; तिच्या डोळ्यांपुढं उघड्यावर भाकऱ्या घेणारा बाप आला. तिनं हात बाहेर काढला आणि चेन लावली.

विमानात कागद आला. तेव्हाही ‘हो’ लिहिता आलं असतं. पण ‘हो’ लिहायचं म्हणजे लागली असं कबूल करायचं, आणि खाली अजून मुंबईचे दिवे दिसत होते. तिनं ‘नाही’वर खूण केली आणि खाली सही ठोकली. जमीन दिसेनाशी झाल्यावर कागद बदलून मागायचा, असं ठरवलं होतं म्हणे. मग जेवण आलं, मग झोप लागली. खरं सांगायचं तर तिला वाटलं, कोण कशाला बघतंय.

पण त्यांनी पाहिलं. उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याशी कुत्रं आलं आणि तिच्या बॅगेपाशी शांतपणे बसलं. हातमोजे घातलेल्या बाईनं टॉवेल उलगडला आणि पंचवीस-तीस बोंबील एका स्टीलच्या टेबलावर ओळीनं मांडले. ती काही ओरडली नाही. तिनं नुसता कागद समोर धरला आणि सहीवर बोट ठेवलं.

जयवंतीनं भाग्येशकडं पाहिलं. “सांग ना त्यांना, मला ठाऊक नव्हतं.”

भाग्येशला स्वतःची बॅग पुढं न्यायची होती. तो इंग्रजीत म्हणाला, ह्यांना तीन वेळा बजावलं होतं, मी साक्षीला होतो. एवढं इंग्रजी जयवंतीला समजत होतं. मग ती स्वतःच बोलली. महिनाभर क्लास लावून शिकलेलं इंग्रजी त्या परक्या देशात तिनं पहिल्यांदा वापरलं, ते असं: “माय मदर. माय मदर पुट. आय नो नथिंग.” हातमोजेवाल्या बाईनं ते लिहून घेतलं. जयवंतीनं त्याखालीही सही केली.

दुसऱ्या दिवशीच्या विमानानं तिला परत पाठवलं. त्या देशातलं एकही मैदान तिनं पाहिलं नाही. भाग्येशनं टेबलावरच्या बोंबलांचा, हातमोजेवाल्या बाईसकट, फोटो मोबाइलवर फक्त एका मित्राला पाठवला. तिचं विमान मुंबईला उतरेपर्यंत तो सफाळ्यापासून डहाणूपर्यंत सगळ्यांनी पाहिला होता. मंडळानं पत्र काढलं की मंडळाची मान खाली गेली. शाळेनं जूनमध्ये तिचा अर्ज घेतलाच नाही. तिच्या मुलींना आता झुंबा शिकवतात. तिची सगळ्यांत चांगली बचावपटू किंजल. घोट्याला कशी मिठी मारायची, हे जयवंतीनं तिला स्वतःच्या पायावर शिकवलं होतं. ती बोईसरच्या बाजारात समोरून आली आणि तिनं पदपथ बदलला.

घरी साधा फोन वापरणारी एकच होती, रत्नाबाई. तिला फोटो माहीत नव्हता. जयवंतीनं तिला सांगितलं, कार्यक्रमच रद्द झाला.

“आनि शिदोरी?” आईनं विचारलं. बस एवढंच विचारलं.

“खाल्ली. तिकडच्या पोरींनी पन खाल्ली. आवडली सगल्यांना.”

त्या एका वाक्यावर म्हातारी आठ महिने जगली. पालघरच्या मासळी बाजारात पाटीपुढं बसून येईल त्याला सांगायची, माझ्या हातचे बोंबील परदेशात खाल्ले. आणि बाजार काय, बाजाराला अशी करमणूक रोज थोडीच मिळते. शेजारी बसणारी मंजुळा तर धंद्याला मंदी आली की मुद्दाम विषय काढायची.

“रत्नाबाय, त्या गोऱ्या पोरींना काटं टोचलं नाय काय गं?”

“त्यांना काय ठावं, मुंडीसकट खाल्लं,” रत्नाबाई हौसेनं सांगायची. मागं बसलेल्या बायका तोंडात पदर कोंबून हसायच्या. एखादी चिमटीत बोंबील धरून नाकाशी न्यायची आणि हातमोजेवाल्या बाईची नक्कल करायची. रत्नाबाईला वाटायचं, आपल्या गोष्टीनं सगळ्यांना आनंद होतो. मग ती आणखी रंगवून सांगायची. एका पोरीनं दुसऱ्यांदा मागून घेतलं. एकीनं आईला न्यायला पुडी बांधून मागितली.

अशाच एका सकाळी जयवंती आईचा विसरलेला चष्मा द्यायला बाजारात गेली, आणि पुडीची गोष्ट चालू असताना मागं उभी राहिली. मंजुळेनं तिला पाहिलं. पाहूनही थांबली नाही, उलट आवाज चढवून म्हणाली, “आनि विमानातली बाय काय म्हनली गं रत्नाबाय? तिनं पन खाल्लं?” सगळा ओटा हसला.

त्या वेळी जयवंतीला मंजुळेच्या थोबाडीत मारता आलं असतं. आईचा हात धरून उठवता आलं असतं. पण माणसाचा राग नेहमी जवळच्यावरच निघतो. तिचाही तसाच निघाला.

“गप बस आय!” ती ओरडली. “कोनी नाय खाल्लं तुझं बोंबील! कुत्र्यानं हुंगलं नि कचऱ्यात टाकलं! तुझ्या बोंबलांपायी मला हाकललं, तुझ्यापायी मी घरी बसले. ह्या सगल्या तुला हसतात, तुला समजत पन नाय!”

ओटा गप्प झाला. लोकांना लाज वाटली असं कोणी समजू नये. पुढं काय होतंय ते ऐकायला गप्प झाला. रत्नाबाईनं चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला कोळंबीचा वाटा मोजून दिला. पाटी रिकामी झाल्यावरच उठली.

परतताना एडवणच्या टमटममध्ये दोघी शेजारी बसल्या होत्या. केळवं मागं पडल्यावर रत्नाबाई बोलली.

“हाताला लागली होती काय?”

जयवंती बाहेर बघत म्हणाली, “हां.”

“कुठं?”

“मुंबैलाच.”

“मंग काढली का नाय?”

“बाबांचं आठवलं.”

रत्नाबाईनं मान हलवली. त्यात तिला काही चूक दिसली नाही. तिनं पोरीला तसंच वाढवलं होतं. टमटम दोन वळणं पुढं गेली.

“मंग त्यांना काय सांगितलंस? कोनी ठेवली म्हनून?”

“तू ठेवली म्हनून. त्यांनी लिवून घेतलं, मी खाली सही केली,” जयवंती म्हणाली. रत्नाबाईनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि रिकामी पाटी दोघींच्या मध्ये ठेवली.

भाग्येशनं वर्ष पुरं केलं. जिल्ह्याची जागा त्याला मिळाली, आणि हारतुरे घेताना त्यानं ‘जयवंतीताईंची उणीव भासली’ असं भाषणात म्हटलं. जयवंती आता तारापूरच्या एका कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवते. सकाळी सहाला निघते. रत्नाबाई बाजारात जाते, घरात वावरते, भात रांधते, औषध आठवणीनं मागते. भांडण म्हणावं असं काही नाही.

फक्त रोज सकाळी लेक निघायच्या वेळी ती दारात येते, तिची पिशवी तिच्या हातातून घेते आणि ओट्यावर उलटी करते. छत्री, रुमाल, पाण्याची बाटली, कारखान्याचं ओळखपत्र. एकेक वस्तू बाजूला मांडते, पिशवी झटकते, आतला कप्पाही बाहेर काढून दाखवते. “बघून घे,” म्हणते, “माझं काय नाय ह्यात.” मग सगळं पुन्हा भरून देते. डबा ती करत नाही. जयवंती कारखान्याच्या कँटीनमध्ये खाते. येणारे-जाणारे बघतात. त्यांना वाटतं, म्हातारीला भ्रम झाला.

गेल्या आठवड्यात जयवंती पाया पडायला वाकली. “आय, पुरे कर ना आता,” म्हणाली.

रत्नाबाई अक्षर न शिकलेली बाई. तिनं कोनाड्यातून किराण्याच्या बिलाचा एक पाठकोरा कागद काढला, पेन काढलं, आणि दोन्ही लेकीपुढं धरलं.

“लिव ह्याच्यावर,” ती म्हणाली. “आयनं काय नाय दिलं, असं लिव. नि खाली सही कर. तुला येते ती.”

सहाची गाडी गाठायची होती. जयवंतीनं लिहिलं, सही केली आणि पिशवी उचलली.